सात पावलं

आमचे हे ताटावर बसले, उठले, खिडकीशी गेले, परत आले. कृषी अधिकाऱ्याच्या नोकरीतून उद्या निवृत्त होणार, म्हणून हुरहुर लागली असेल असं मला वाटलं.

"एका जागी बसा की. काय झालंय?"

"खुंटी सात पावलं सरकवली मी."

एकतीस वर्षं शेतीचं ऐकून माझे कान किटलेत, त्यामुळे लगेच कळलं. चिठ्ठीत जो आकडा निघतो तेवढी पावलं शेतात चालायचं, थांबाल तिथं खुंटी ठोकायची, आखलेला तुकडा कापून धान्याचं वजन करायचं. त्यावरून सगळ्या गावाचं पीक ठरतं. वजन चांगलं भरलं, की गावाला नुकसानभरपाई नाही. ह्यांची पावलं नेमकी करपलेल्या जागी संपली. शेत एका बाईचं. ती म्हणाली, "साहेब, तिथं नको, लाज वाटते. इकडं बघा कसं आलंय." साहेबांनी बाईची लाज राखली.

"मोठे शहाणे," मी म्हटलं. "एकीची लाज राखलीत आणि गावाच्या तोंडचा घास काढलात."

"आता कबूल केलं तर चौकशी लागेल. उद्याचा निरोप समारंभही गेला."

"आणि नाही केलंत तर ह्या येरझाऱ्या जन्मभर मी बघायच्या."

सकाळी दोघंही त्या शेतावर गेलो. चांगलं पीक बाईंनी कापून नेलं होतं. करपलेलं तसंच उभं होतं. कापायला होतं काय त्यात?

"ताई, चूक माझी," हे म्हणाले. "मोजायचं इथंच होतं."

टेपचं दुसरं टोक मी धरलं. वजन होईपर्यंत बाई पाठ फिरवून उभ्या होत्या. परवा अकरा किलो भरलं होतं, आज दोनसुद्धा नाही.

"मी बोलले म्हणून तुम्ही गोत्यात आलात," बाई म्हणाल्या.

"तुम्ही बोललात. ऐकलं मी."

ह्यांनी दोन्ही वजनं लिहिली आणि खाली खुंटी सरकवल्याचं कबूल करून सही केली. कचेरीतल्या वरिष्ठांनी कागद वाचला आणि चौकशी होईल म्हणाले. समारंभाचं कुणी नावही काढलं नाही.

दुपारी हे ताटावर बसले ते पोटभर जेवूनच उठले. कचेरीतून कुणी येतंय का बघायला मी मात्र ताटावरून उठून तीनदा दारापर्यंत जाऊन आले.

"एका जागी बस की," हे म्हणाले.