खालची बाजू

पलंग जिन्यावरून उतरवायला दोन माणसं लागतात आणि दोघांची कामं वेगळी असतात. वरचा माणूस समोर बघत उतरतो; त्याला पायऱ्या दिसतात. खालचा उलट्या पावलांनी उतरतो. त्याला मागची एकही पायरी दिसत नाही. म्हणून वरच्याने बोलत राहायचं. "पायरी… पायरी… वळण… पायरी…" आणि जमीन लागली की, "सपाट." तो शब्द कानावर पडेपर्यंत खालच्याने पाऊल चाचपतच टाकायचं, कारण जिन्यावर माणसं घसरतात ती बहुधा जिना संपला असं वाटल्यामुळेच.

क्लबमध्ये ही जोडी कित्येक वर्षं ठरलेली होती. वर घड्याळजी, खाली लंबू. उंच माणूस खाली असला की ओझं फार कलत नाही, एवढाच त्यातला हिशेब. पण बघणाऱ्याला मौज वाटे. एकाचं डोकं दाराच्या चौकटीत अडकायचं आणि दुसऱ्याला दाराची वरची कडी काढायला स्टूल लागायचं.

लंबू दुकानांच्या पाट्या रंगवायचा. घड्याळजीचं दुकान त्याच रस्त्यावर, कपाटाएवढं. डोळ्याला भिंग लावून दिवसभर मान खाली घालून बसणाऱ्या या माणसाला लंबूनेच क्लबमध्ये ओढून नेलं होतं. "दिवसभर बंद पडलेल्यांच्या संगतीत असतोस," तो म्हणाला होता, "संध्याकाळी जरा चालू माणसांत येऊन बस, लेका."

क्लबचं काम साधं होतं. ज्या घरी आजारपण असेल त्या घरी चाकाची खुर्ची, कुबड्या, डोक्याची बाजू हँडलने वर करता येणारा लोखंडी पलंग, असं काही विनामूल्य पोचवायचं, आणि गरज संपली की परत आणायचं. गरज कशी संपली, हे विचारायचं नाही. घरातल्यांनी दिलेलं पाणी प्यायचं, दोन मिनिटं बसायचं, हवेवर काहीतरी बोलायचं, आणि उठायचं. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो मोडलेला कुणी पाहिला नव्हता.

दुसरा रिवाज फोटोचा. साहित्य देताना मागे क्लबचा कापडी फलक धरायचा, पुढे ज्याला द्यायचं तो माणूस, बाजूला सभासद. फोटो घड्याळजीच काढायचा, कारण फोटोत उभं राहण्यापेक्षा कॅमेऱ्यामागे लपणं त्याला सोपं जाई. त्याच्या तोंडून नेमकं एकच वाक्य बाहेर पडायचं, "जरा इकडे बघा, थोडं हसा." हे फोटो सभागृहाच्या भिंतीवर ओळीने लावलेले होते. फलक मावायचा म्हटलं की लंबू मावत नसे. प्रत्येक फोटोत त्याचं डोकं तेवढं कापलेलं.

"अरे, माझं डोकं कधी घेणार आहेस?" तो दर वेळी विचारायचा.

"तू वाक," घड्याळजी म्हणायचा.

"मी वाकतो ते फक्त पलंगासाठी."

मंगळवारच्या बैठकीत उशिरा येणाऱ्याने एक विनोद सांगायचा, अशी शिक्षा होती. लंबू मुद्दाम उशिरा यायचा. अध्यक्षबाईंचं औषधांचं दुकान होतं आणि त्यांना फारसं हसू येत नसे. त्यांना हसवणं हाच त्याचा आठवड्याचा उद्योग. त्या तोंडावर कागद धरायच्या, मग कागद हलायला लागायचा, आणि सगळी खोली फुटायची. हसण्याच्या त्या गलक्यात, चहाच्या कपाआड, घड्याळजीला आपण कुणाचे तरी आहोत असं वाटे. घरी परत जाताना ते वाटणं तो जपून नेई, ओंजळीतून पाणी नेतात तसं.

मग एका दुपारी लंबू दुकानात आला, स्टुलावर बसला आणि उगाच एक उघडं घड्याळ कानाशी धरून राहिला.

"पलंग लागणार आहे म्हणे," तो म्हणाला.

"कुणाला?"

"एका उंच माणसाला. पाय बाहेर येतील, पण भागवून घेईन म्हणतोय."

घड्याळजीने डोळ्यावरचं भिंग काढलं नाही. भिंगातून समोरचा चेहरा नुसता धुरकट दिसत होता, आणि त्या क्षणी तेच बरं होतं.

"पाठ दुखते म्हणालो होतो ना, ती पाठ नव्हती," लंबू म्हणाला. "डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं. फार सभ्य माणूस. मलाच त्यांची दया आली." त्याने हातातलं घड्याळ खाली ठेवलं. "एक करशील? तू एकटा ये. फलक नको, फोटो नको, मंडळी नकोत. भिंतीवर आडवे पडलेले लोक पुष्कळ झाले, त्यात माझी भर नको."

"एकट्याने पलंग कसा चढवू मी?"

"एकट्याने कशाला? खाली मी आहे की! अजून उचलता येतं मला. माझा पलंग मीच नेणार. त्यावर झोपेन तो नंतर. एवढं एकदा होऊ दे."

"होईल," घड्याळजी म्हणाला.

भांडारातून पलंग काढायचा तर अध्यक्षबाईंना सांगणं भाग होतं. त्याने सांगितलं. बाईंचे डोळे भरून आले. "अहो, तो आपला माणूस," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकटेच गेलात तर त्याला काय वाटेल? क्लबनं साधं वळूनही पाहिलं नाही? आपण सगळे जाऊ."

त्याने म्हणायला हवं होतं की नको, त्यानेच नको म्हटलंय. शब्द तोंडाशी आले होते. पण खोलीत सगळेच होते, सगळेच गहिवरलेले होते, आणि इतक्या चांगुलपणाला नाही म्हणण्याइतका आवाज त्याच्यापाशी कधीच नव्हता. त्याने मान हलवली. ती मान होकाराची होती की नुसती हललेली, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

ठरल्या वेळी लंबू खाली फाटकाशी उभा होता. जिन्यासाठी म्हणून ठेवलेले रबरी तळाचे बूट घातलेले, बाह्या दुमडलेल्या. गाडीतून एकामागून एक माणसं उतरताना त्याने पाहिली. सर्वांत शेवटी, कॅमेरा गळ्यात घालून, घड्याळजी उतरला. लंबूने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि बाह्या खाली सोडल्या.

"तुम्ही कशाला उभे? वर चला, वर चला," म्हणत बाईंनी त्याचा दंड धरला. बेकरीवाला आणि आणखी एक सभासद पलंगाचे दोन्ही भाग जिन्याच्या भिंतींवर आपटत वर घेऊन गेले. कुणी 'पायरी' म्हणत नव्हतं. लंबूच्या बायकोने, वहिनींनी, सगळ्यांना पाणी दिलं. पलंग जोडला, गादी घातली, लंबूला झोपवलं. बूट कुणीतरी हळूच काढून दाराबाहेर नेऊन ठेवले. मग सवयीनेच फलक उलगडला गेला. त्यावरची अक्षरं लंबूनेच रंगवलेली होती.

आणि घड्याळजीने, सवयीनेच, कॅमेरा डोळ्याला लावला. सगळे जण चौकटीत आले होते. पहिल्यांदाच लंबूचं डोकंही.

"जरा इकडे बघा," तो म्हणाला. "थोडं हसा."

लंबू हसला. मग मान मागे टाकून त्याने डोक्यावरच्या फलकाकडे पाहिलं.

"इतकी वर्षं रंगवतोय," तो म्हणाला, "पण इथून अक्षरं उलटी दिसतात, हे मला माहीत नव्हतं."

सगळे हसले. अध्यक्षबाईसुद्धा हसल्या. एकट्या वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत, आणि घड्याळजीला त्यानंतर कॅमेऱ्याचं झाकण काही केल्या बसेना.

निघताना तो दारात रेंगाळला. लंबूने डोळे मिटून घेतले होते. झोप लागली असेल, असं घड्याळजीने स्वतःला सांगितलं.

त्यानंतर तो त्या घरी गेला नाही.

जायचं रोज ठरवायचा. दुकान बंद केलं की पावलं त्या रस्त्याला लागायचीही, पण कोपऱ्यावर, जिथून त्या घराची खिडकी दिसायची, तिथे येऊन थांबायची. वर जाऊन म्हणायचं काय? चुकलं म्हणायचं तर लंबू म्हणणार, "जाऊ दे रे," आणि ते 'जाऊ दे' त्याला सोसणार नव्हतं. काही न म्हणता बसायचं, तर आपल्या गप्प बसण्यानेच हे सगळं झालेलं. खिडकीतला दिवा बघून तो परत फिरायचा.

क्लबमधल्या फळ्यावर दर आठवड्याच्या जोड्या लिहिल्या जात. लंबूचं नाव मायेनेच पुसलं गेलं होतं. 'त्यांना आता आराम हवा' म्हणून. बैठका वेळेवर सुरू होऊ लागल्या. एका मंगळवारी घड्याळजीला स्वतःलाच उशीर झाला. बेकरीवाला म्हणाला, "चला, विनोद!" घड्याळजी उभा राहिला. सगळे त्याच्याकडे बघत राहिले, आणि तो भिंतीवरच्या नव्या फोटोकडे. शेवटी बाईच म्हणाल्या, "बसा हो, बसा."

तो बसला नाही. तो फळ्यापाशी गेला, खडू घेतला आणि येत्या गुरुवारच्या कामापुढे आपलं नाव होतं त्याच्या शेजारी लंबूचं नाव लिहिलं. त्याने ठरवलं होतं, उद्या वर जायचं. म्हणायचं, गुरुवारी काम आहे, तुझं नाव लागलंय. उचलू नकोस, गाडीत बस, तिथूनच शिव्या दे. एवढं वाक्य त्याने घरी जाताना पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. बऱ्याच दिवसांनी ओंजळीत थोडं पाणी होतं.

सकाळी दुकान उघडत असताना वहिनींचा फोन आला. आवाज कोरडा होता. "भाऊजी, हे गेले. पहाटे."

नंतरच्या गर्दीत तो सगळ्यांच्या मागे उभा होता. पुढे जाऊन त्याने चेहरा पाहिला की नाही, ते त्याला पुढे कधी आठवलं नाही.

काही दिवसांनी वहिनींनी क्लबमध्ये निरोप पाठवला की पलंग रिकामा आहे, कुणाला तरी लागत असेल. बाईंनी दोन माणसं सोबत देऊ केली. घड्याळजी म्हणाला, "नको." इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच कुणाला नको म्हणत होता. तो एकटाच गाडी घेऊन गेला.

वहिनींनी पाणी दिलं. तो बसला. हवेवर काही बोलायला हवं होतं. दाराबाहेर रबरी तळाचे बूट तसेच होते.

"एकटेच आलात?" वहिनींनी विचारलं.

"हो."

"एकट्याने पलंग कसा न्याल?"

गाडी चालवत इथवर येताना त्याने हा विचारच केला नव्हता. लंबूच्या जागी दुसरं कुणी उभं राहिलेलं बघवणार नाही, एवढंच त्याला ठाऊक होतं. वहिनींनी पदर खोचला. "मी धरते. सांगा कुठे धरायचं."

त्याने पलंगाचे दोन भाग सुटे केले. सवयीने तो पहिल्या भागाच्या वरच्या बाजूला गेला, आणि वहिनी खालच्या बाजूला जाऊन उलट्या उभ्या राहिलेल्या पाहून थबकला. "नको," तो म्हणाला. "खाली मी जातो. तुम्ही वर या."

जन्मात पहिल्यांदा तो त्या जागी उभा राहिला. पाठीमागे जिना होता आणि तो दिसत नव्हता. समोर दिसत होता तो फक्त वरच्या माणसाचा चेहरा, ओझ्याने ताणलेला, जवळ, सतत समोर. दुसरीकडे बघायला जागाच नव्हती. म्हणजे इतकी वर्षं, इतक्या जिन्यांवर, लंबू हेच बघत आला होता. घाबरट, घामेजलेला आपला चेहरा. आणि त्याच्या शब्दावर पाऊल मागे टाकत आला होता.

"तुम्हाला बोलावं लागेल, वहिनी," तो म्हणाला. "मला पायरी दिसत नाही. प्रत्येक पायरीला 'पायरी' म्हणायचं. आणि खाली पोचलो की म्हणायचं, 'सपाट'."

वहिनींचे हात पलंगावर तसेच राहिले.

"काय म्हणायचं?"

"सपाट."

त्या भिंतीला टेकल्या.

"शेवटी शेवटी शुद्ध नसायची," त्या म्हणाल्या. "पण एकच विचारायचे. 'सपाट आलं का रे?' असं. दिवसभर तेच. 'आलं का रे सपाट?' मला वाटायचं उशीबद्दल म्हणतायत. मी उशी काढायचे, पुन्हा लावायचे. हँडल फिरवून पलंग खाली करायचे. म्हणायचे, अहो, झाला सपाट. तरी पुन्हा विचारायचे. पाय नुसते ताठ, भाऊजी. असे चाचपत असायचे पांघरुणात. शेवटपर्यंत सैल सोडले नाहीत."

घड्याळजी जिन्यात उभा होता. कोपऱ्यावरून दिसणारी ती खिडकी त्याच्या डोळ्यांपुढे आली. रस्त्यावरून नुसती हाक मारली असती, तरी त्या खिडकीत ऐकू गेली असती.

"रे, म्हणायचे," वहिनी म्हणाल्या. "मला कधी रे म्हणाले नाहीत ते. तेव्हाच कळायला हवं होतं मला, की विचारतायत ते मला नाही."

पलंग दोघांच्या हातात जड झाला होता. शेवटी वहिनींनीच डोळे पुसले, खांद्याने, हात न सोडता.

"चला," त्या म्हणाल्या. "पायरी."

त्याने पाऊल मागे टाकलं.

"पायरी… पायरी… वळण आहे, जपून… पायरी…"

त्यांचा आवाज कापत होता, पण एकही पायरी चुकत नव्हती. त्याला त्यांचा चेहरा दिसत होता. डोळ्यांतून येणारं पाणी पुसायला त्यांचे हात मोकळे नव्हते, त्याचेही नव्हते. जिना किती उरला ते त्याला कळत नव्हतं. तो संपू नये असं त्याला वाटलं, आणि लगेच त्या वाटण्याची लाज वाटली.

"सपाट," वहिनी म्हणाल्या.

त्याची टाच जमिनीला लागली होती. तरी त्याला पाय सैल सोडता येईना. तो तसाच, गुडघे वाकवून, ओझं धरून उभा राहिला.

"आलं, भाऊजी," वहिनी पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्याने, रिकाम्या पलंगाकडे बघत. "सपाट आलं."