कुंकू पुसणारी काच

काळापांढरा फोटो कधी खोटं बोलत नाही, असं छायासिद्ध विरूपाक्ष महाराजांचं वचन होतं. ते खरंच होतं. खोटं बोलण्याचं काम महाराज स्वतः करत.

भोकरच्या बाजार मैदानात त्यांचा तंबू पडला आणि सवाष्णींची रांग रस्त्यावर आली.

"मोबाईल म्हणजे माया!" महाराज माईकवर गरजत. "फिल्मच्या रोलात चांदी असते. चांदीला पाप पचत नाही. जिच्या नवऱ्यावर घात, तिचं कुंकू फोटोत उमटत नाही!"

आणि खरंच उमटत नसे. ओला फोटो हातात पडला की बायका मटकन खाली बसत. काळी टिकली लावणारीची टिकली तेवढी ठळक येई. यमाला काळ्या टिकलीचं वावडं असावं.

चतुराबाई रुपयाएवढं लाल कुंकू लावत. फोटोत त्यांचं कपाळ कोरं आलं. शेजारी नवरा हणमंतराव चांगले धडधाकट उभे होते, पण महाराजांनी पुराव्याकडे लक्ष दिलं नाही.

"नवऱ्याच्या डॉक्टरी गोळ्या बंद! एक्केचाळीस दिवस अंगारा. मग दुसरा फोटो काढू. कुंकू परत येईल."

आधीच्या दोघींचं आलंही होतं, डांबरासारखं काळंभोर.

नवव्या दिवशी मुलगी ऋतुजा नांदेडच्या कॉलेजातून घरी आली. हणमंतराव बाजेवर डोकं धरून बसले होते.

"अप्पा, बीपीची गोळी घेतली का?"

"बंद हाय. लई चकरा येऊन राहिल्यात. तुझी आई म्हणते, घात उतरून राहिलाय."

"घात न्हाई, बीपी चढून राहिलंय. चला दवाखान्यात."

"न्हाई!" चतुराबाई आडव्या आल्या. "गोळी घेतली तर माझं कुंकू जाईल. डोळ्यानं बघितलंय मी."

ऋतुजानं फोटो हातात घेतला. "कुंकू गेलेलं दिसलं. अप्पांच्या डोक्याचा लाल रुमाल पांढरा झाला, ते न्हाई दिसलं?"

चतुराबाईंनी फोटो परत डोळ्यांपुढे धरला. नऊ दिवस त्या नुसतं कपाळच बघत होत्या.

दवाखान्याच्या वाटेवरच तंबू होता. ऋतुजा आईवडिलांना घेऊन आत शिरली आणि कॅमेऱ्याच्या तोंडावरची लाल काच तिनं फिरवून काढली.

"ए पोरी! तो तिसरा डोळा आहे!" महाराज ओरडले.

"हाव का? मग पेटीतला हा निळा चौथा असंल." तिनं पेटीतली निळी काच उचलून दाखवली आणि लाल काच आईच्या डोळ्याला लावली. "आता रांगेकडं बघ."

चतुराबाईंनी बघितलं. एकीच्याही कपाळावर कुंकू दिसेना.

"अगं बया! समद्यांचेच नवरे मरून राहिले का?"

रांगेत आधी कुणी तरी खुदकन हसलं. मग ती काच हातोहात फिरली.

लाल काच लाल उजेड आत सोडते, बाकीचा अडवते. म्हणून लाल कुंकू फिल्मवर कातडीइतकंच उजळ येतं आणि दिसेनासं होतं. निळी काच लाल उजेड अडवते, मग तेच कुंकू काळं होऊन परततं. मधे फक्त काच बदलते, आयुष्य वाढत नाही. चमत्कार दिसला तर कपाळाच्या आजूबाजूलाही बघावं, आणि गोळी बंद करायची तर ज्यानं लिहून दिली त्याला विचारून करावी.

दवाखान्यात हणमंतरावांचं बीपी एकशे नव्वद भरलं. चतुराबाईंचं कुंकू लालच होतं.