वाडीची लाइन

संदेश सबस्टेशनात अडकला त्याला आज सतरावा दिवस. कोरोनाची दुसरी लाट आली नि साहेबांनी फर्मान काढलं, ऑपरेटरांनी आतच राहायचं, आतच जेवायचं, आतच झोपायचं. हे आजारी पडले तर अर्ध्या तालुक्यात अंधार. बरोबरच होतं हो त्यांचं. पण घर सड्याच्या माळाखाली, वाडीत, चालत वीस मिनिटांवर, नि माणूस तारेच्या कुंपणाआड! जीव नुसता तुटत होता त्याचा.

समोरच्या पॅनलवर एकेका लाइनीचा काटा. कारखान्यांचा निपचित पडलेला, हॉटेलांचा तसाच. वाडीचा मात्र भरदुपारी चढलेला. सगळी माणसं घरात, पंखे गरगरतायत. त्या काट्याकडे बघत संदेश जेवायचा. यातलं थोडं तरी आपल्या घरचं, एवढंच समाधान.

आज जेवताना बायकोचा, दर्शनाचा, फोन आला.

"अहो, ऋतिका कालपासून जेवत नाही. म्हणते, बाबापण आजोबांसारखे गेले."

संदेशने हातातला घास खाली ठेवला. त्याच्या वडिलांना महिन्यापूर्वी ॲम्ब्युलन्सने नेलं, ते परत आलेच नाहीत. पाच वर्षांच्या पोरीने एवढंच पाहिलेलं.

"अगो, मग व्हिडिओ कॉल लाव ना!"

"लावला की परवा. म्हणते, आजोबापण दिसतात फोनात. एक करा. सात वाजता आमची लाइट घालवा नि लगेच आणा. तिला सांगितलंय, लाइट गेली-आली की समज, बाबा तिथेच आहे."

"लाइट काय माझ्या घरची आहे?" तो हसला. पण नाही म्हणायला काही जीभ रेटली नाही.

सातला पाच कमी असताना तो वाडीच्या ब्रेकरसमोर, लाइन तोडायच्या खटक्यासमोर, उभा राहिला. दोन सेकंदांचं तर काम. कोण विचारतोय? हात त्याच्या मुठीपर्यंत गेलाही. पण त्याच लाइनीवर शाळेतलं कोविड सेंटर, नि तिथे शेजारची दमयंतीकाकी ऑक्सिजनच्या मशीनवर. त्यात हा ब्रेकर म्हातारा, महाखट्याळ. लाइन तोडायला एकदा उघडला की पहिल्या झटक्यात परत लागेलच याचा नेम नाही; मागच्या मे महिन्यात पाऊण तास रुसून बसला होता मेला.

सात वाजले. सात वाजून पाच मिनिटं झाली. संदेशने हात मागे घेतला, खुर्चीत बसला आणि लहान पोरासारखा रडला.

फोन वाजला. या खेपेला ऋतिकाच होती.

"लाइट गेलीच नाही."

"नाही गेली गो बाय. मीच जाऊ दिली नाही. काकी आजारी आहे ना शाळेत, तिला लागते. म्हणून मी इथे बसून धरून ठेवलीय."

 

"बाबा," ती हळूच म्हणाली, "दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांग ना. तू घरी ये."