अजून काळाच आहे

बाईंचा फोन मेला तो एका अक्षरापायी. कंपनीने एकाच नावाचे दोन फोन काढले होते, दिसायला अगदी जुळे, आतून निराळे, आणि आपला कुठला हे कळायला मॉडेलच्या नंबरामागे एक बारीकसं अक्षर होतं. बाईंनी ते वाचलं नाही. संगणकाला वायर लावून त्यांनी फोनमधली जुनी सिस्टिम पुसली, नवीन भरायला घेतली, पट्टी हळूहळू शेवटपर्यंत सरकली, 'पूर्ण झालं' असंही आलं. मग पडदा काळा झाला आणि काळाच राहिला.

त्यांनी बटण दाबून धरलं. चार्जर लावला, काढला, पुन्हा लावला. फोन ना थरथरला, ना कोमट झाला.

हा उपद्व्याप करायला कारण दादा. दादा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ. बाईंनी लग्न केलं नाही आणि वहिनी लवकर गेली, तेव्हा भावाबहिणीने याच घरात एकमेकांची कुरकुर ऐकत वर्षं काढली. पुढे दादाचे गुडघे गेले आणि त्याचा मुलगा त्याला आपल्याकडे, परदेशात घेऊन गेला. तेव्हापासून रविवारी व्हिडिओ कॉल. आता ज्या ॲपवर तो कॉल यायचा, त्यानेच या फोनला रामराम ठोकला होता. सिस्टिम फार जुनी आहे म्हणे. भाच्याने लिहिलं, आत्या, नवीन घेऊन टाक ना एक. पण फोनमध्ये बिघडलेलं काही नव्हतं, आणि चालती वस्तू टाकायची म्हटलं की बाईंच्या जिवावर यायचं. शिवाय दुपारी त्यांना काम नसायचं. अशा जुन्या फोनांसाठी हौशी लोक स्वतः नवी सिस्टिम तयार करतात आणि फुकट देतात, असं त्यांनी इंटरनेटवर वाचलं. वाचता वाचता वाटलं, जमेल आपल्याला.

घरात दादाचा जुना संगणक होता, ज्यावर तो पत्ते खेळायचा. त्याला ना कॅमेरा होता, ना माइक, पण लिहिता येत होतं. बाई एका दुरुस्तीच्या फोरमवर गेल्या. नाव घालायला सांगितलं तेव्हा त्यांनी 'श्वास रोखा' असं घातलं. नोकरीभर इस्पितळात त्यांनी एक्स-रे काढले होते. जाड काचेमागे उभं राहून दिवसभर हेच दोन शब्द बोलायचे, आणि मग 'सोडा'. काय घडलं ते त्यांनी सविस्तर लिहिलं आणि खाली विचारलं, आता काय करू?

उत्तर 'चिमटा' नावाच्या माणसाने दिलं. "भावा, तू फोनची वीट केलीस. पण कच्ची आहे की भाजलेली, ते आधी बघू."

बाईंना हसू आलं. कितीतरी दिवसांत घरात त्या एकट्या मोठ्याने हसल्या नव्हत्या.

चिमट्याने पहिल्यांदा वायर बदलायला लावली. काही वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यातून बाकी काही जात नाही. मग आवाजाची दोन्ही बटणं दाबून धरून वायर लावायची. मग संगणकात एक ड्रायव्हर, म्हणजे फोन ओळखायचा प्रोग्राम, घालायचा आणि तेच पुन्हा करायचं. एकेक गोष्ट करून बाई लिहायच्या, काही नाही. तो म्हणायचा, ठीक आहे, पुढचं बघू. कंटाळलेला कधी वाटला नाही. तो दुपारीच भेटायचा, आणि का ते त्याने सहज सांगितलं. त्याच्या वडिलांना पक्षाघात झाला होता. त्यांचं करायचं म्हणून त्याने आपलं दुरुस्तीचं दुकान बंद केलं होतं. दुपारी ते झोपले की तो संगणकाशी बसायचा. हात नुसते शिवशिवतात, त्याने लिहिलं, म्हणून दुसऱ्यांचे हात वापरतो.

फोन उघडायची वेळ आली तेव्हा त्याने विचारलं, "भावा, हात थरथरत नाहीत ना तुझे?" बाईंना आता लपवणं बरं वाटेना. मी भाऊ नाही, त्यांनी लिहिलं, निवृत्त बाई आहे, हात मात्र स्थिर आहेत.

 मग आलं, "आधी सांगायचं ना ताई, इतके दिवस मी तुम्हाला अरे-तुरे करतोय." त्यानंतर तो पुन्हा कधी घसरला नाही.

केस वाळवायच्या यंत्राने फोनची पाठ गरम करून, जुन्या ओळखपत्राचा कोपरा घालून त्यांनी ती उचकटली. स्क्रू काढले, ते ज्या जागेचे त्या क्रमाने कागदावर चिकटपट्टीने लावले. बॅटरीची जोडणी सोडवली. आतली हिरवी पाटी उघडी पडली तेव्हा त्या भिंग घेऊन किती तरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. आयुष्यभर माणसांच्या आतलं बघितलं होतं, पण तिथे सगळं धुरकट. इथे एकेक रेघ लखलखीत होती. त्यांनी हे चिमट्याला लिहिलं. तो म्हणाला, मलाही पहिल्यांदा असंच झालं होतं, ताई. दुकानात गिऱ्हाईक समोर उभं आणि मी बघतच बसलो होतो.

पाटीवर कडेला दोन बारीक ठिपके होते. ते धातूच्या चिमट्याने एकमेकांना जोडून धरायचे आणि त्याच वेळी वायर लावायची, म्हणजे फोन झोपेतल्या झोपेत का होईना, संगणकाला हाक देतो. तिसऱ्या हाताची गरज होती. बाईंनी वायर दातात धरली. बरेचदा चुकलं. मग संगणकातून टुंग असा आवाज आला आणि यादीत एक नवी ओळ उगवली.

"आला!" त्यांनी लिहिलं.

"कच्ची वीट," चिमट्याने उत्तर दिलं. "अभिनंदन, ताई."

तरी पुढे अडलंच. कंपनीची मूळ सिस्टिम भरायला घेतली की पट्टी थोडी सरकायची आणि लाल अक्षरं यायची. त्यावर दोघांनी पुष्कळ दुपारी घालवल्या. मधल्या वेळात इकडचं तिकडचं बोलणं व्हायचं. तो विचारायचा, आज खिडकीतून काय दिसतंय? त्याच्या खोलीची खिडकी भिंतीवर उघडत होती. बाई सांगायच्या: समोरच्या गच्चीवर कुणीतरी गाद्या वाळत घातल्यात, खालचा न्हावी दुकानाबाहेर खुर्ची टाकून झोपलाय. वडील आज अर्धी वाटी जेवले, तो लिहायचा. किंवा, आज त्यांनी माझ्यावर ताट फेकलं. बाई काय लिहावं याचा विचार करायच्या आणि लिहायच्या, लागलं नाही ना?

मग एका मंगळवारी बाईंनी वायर संगणकाच्या मागच्या बाजूच्या खाचेत लावून पाहिली. पट्टी सरकत राहिली. शेवटाला गेली. बॅटरी जोडून त्यांनी बटण दाबलं, आणि फोन हातात थरथरून कंपनीचं चिन्ह दिसलं, मग भाषा निवडायला सांगणारा पडदा. आतलं सगळं पुसलं गेलं होतं, पण फोन जिवंत होता.

आधी त्या उठून खोलीत दोन चकरा मारून आल्या. आता नवी सिस्टिम भरायची, या वेळी नीट अक्षर बघून, म्हणजे रविवारी दादा. काम फत्ते. त्या सांगायला संगणकापुढे बसल्या. चिमट्याचा निरोप येऊन पडला होता: "काय ताई, काही हालचाल?"

यानंतर तो म्हणेल, छान झालं, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी विटेकडे वळेल. तेच बरोबर होतं. उद्या दुपारी काय लिहायचं, ते बाईंना सुचेना.

"नाही," त्यांनी लिहिलं. "अजून काळाच आहे."

रविवारी दादाचा कॉल आला. तो खुर्चीत कुणीतरी ठेवल्यासारखा बसला होता. जेवलीस का, त्याने विचारलं. हो, तू? हो. तिकडे थंडी आहे. इकडे नाही. भाच्याने मागून हात हलवला, आत्या, भारीच की, केलंस तू. दादाची मान डुलायला लागली तसा कॉल संपला. आणि सोमवारी दुपारी बाईंनी चिमट्याला लिहिलं, अजून तसाच.

तो आता चिंतेत पडला होता. सगळं बरोबर असून फोन उठत नाही, हे त्याला पटत नव्हतं. त्याने पाटीवरच्या विजेची मोजमापं मागितली, बाईंनी अंदाजाने आकडे ठोकून दिले. खोट्या आकड्यांवर तो दुपारभर डोकं शिणवत होता हे त्यांना कळत होतं. रोज ठरवायच्या, आज सांगून टाकू. मग निरोप यायचा, "ताई, जेवलात?" आणि सांगणं राहून जायचं.

एका दुपारी त्याचा निरोप उशिरा आला. त्याच्याकडेही हाच फोन होता. चांगल्या फोनमध्ये त्या जागी विजेचा किती दाब असतो ते मोजून बघावं, म्हणजे बाईंच्या फोनचं दुखणं कळेल, म्हणून त्याने आपला उघडला होता. तेवढ्यात आतून वडिलांनी हाक मारली. तो गडबडीने उठला, वायरीत पाय अडकला, आणि पडद्याला जोडणारी नाजूक पट्टी मुळातून फाटली. डॉक्टर, बहीण, सगळे त्याच फोनवर होते. "असो," त्याने लिहिलं होतं. "आता आपण दोघंही काळे."

बाई ते वाचून बसून राहिल्या. चहा गार झाला. मग त्यांनी एका दमात लिहिलं की फोन केव्हाच सुरू झालाय, तुम्ही हालचाल विचारलीत त्या मंगळवारीच, मी खोटं बोलत होते. आकडेही खोटे होते. कारण विचारू नका. पाठवल्यावर त्यांना वाटलं, कारणच तर सांगायला हवं होतं. पण ते लिहायला बोटं वळेनात.

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाईंनी पुन्हा लिहिलं, माझा फोन तुम्ही घ्या, तोच आहे, चालतो, पत्ता द्या. नंतर कितीतरी दुपारी त्या फोरम उघडून बसल्या. चिमटा तिथे होता. दुसऱ्यांना उत्तरं देत होता. "भावा, आधी वायर बदल." बाईंनी त्या ओळी अशा वाचल्या, जशी माणसं शेजारच्या घरातलं बोलणं ऐकतात.

शेवटी एक निरोप आला. त्यात फक्त पत्ता होता.

बाईंनी फोनमधलं आपलं सगळं पुसलं, कापडाने काच स्वच्छ केली, जुन्या रुमालात गुंडाळून खोक्यात ठेवला. चिठ्ठी लिहायला घेतली आणि फाडून टाकली. कुरिअरवाल्याने पाठवणाऱ्याचा नंबर मागितला, तो दिला. येताना त्यांनी दुकानातून नवा फोन घेतला. विकणाऱ्या मुलीने सगळं भराभर चालू करून हातात दिलं. काहीही करावं लागलं नाही.

आठवडाभराने अनोळखी नंबरावरून फोन आला. आवाज बाईंनी कल्पला होता त्याहून बारीक होता, आणि थकलेला.

"पोचला," तो म्हणाला. "चालतोय."

"बरं झालं."

दोघंही थांबले. लिहिताना कधी असं झालं नव्हतं. बाईंनी विचारलं, वडील कसे आहेत. तसेच, तो म्हणाला. आवाजाचं बटण जरा कडक आहे. हो, पहिल्यापासूनच आहे. 

"मी फार चिडलो होतो," तो म्हणाला. "अजूनही आहे थोडा."

"असणारच."

"नुसतं बोलायचं होतं, तर तसं सांगायचं ना, ताई."

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. "असं कसं सांगतात?"

 "मलाही नाही येत," तो म्हणाला. मग मागून कुणीतरी ओरडलं आणि तो म्हणाला, ठेवतो. पुन्हा करतो असं काही म्हणाला नाही.

त्यानंतर फोन आला नाही. बाई नव्या फोनची काच पुसत राहिल्या, बाजारात जाऊन आल्या, एकदा तर विनाकारण इस्पितळावरून चालत गेल्या आणि फाटकातूनच परतल्या. आपणच फोन करावा का, हा विचार करण्यात बरेच दिवस गेले. एका दुपारी, तो संगणकाशी बसायच्या वेळेला, त्यांनी नंबर लावला.

उचलला गेला, पण आवाज त्याचा नव्हता. जड, ओढलेला, शब्द एकमेकांत मिसळलेले. मागे नळ जोरात वाहत होता. मुलगा मोरीत असावा.

बाईंनी ओळख करून दिली. हळू, एकेक शब्द सुटा करून सांगितलं की मी कोण, आणि तुमच्या मुलाने माझा फोन कसा दुरुस्त केला. पलीकडून एक लांबच लांब वाक्य आलं. बाईंना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. वाक्याच्या शेवटी मात्र आवाज वर चढला होता, म्हणजे म्हाताऱ्याने काहीतरी विचारलं होतं किंवा तक्रार केली होती.

"हो का?" बाई म्हणाल्या.

म्हातारा क्षणभर थांबला आणि पुढचं सांगू लागला. बाईंनी खुर्ची ओढून घेतली.