वस्तरा लावू नये

मित्रांनो, माझं रूप बघून नाक मुरडू नका. मी एक जुनी बाटली आहे. उंची जेमतेम चार बोटं, पाठ चपटी, बूच कधीचंच हरवलेलं. पोटात तेलाचा थेंबही उरला नाही, पण अंगावर एक पिवळा कागद अजून चिकटून आहे. त्या कागदावर सात ओळी छापल्या आहेत. पहिल्या सहा ओळींचं मला काही वाटत नाही. सातव्या ओळीची मात्र मला आजही लाज वाटते, आणि ती का वाटते हेच तुम्हाला सांगायचं आहे.

तशी मी जन्माने वाईट नव्हते हो! माझी पहिली नोकरी कल्याणच्या एका दवाखान्यात होती. कंपाउंडर माझ्या पोटात खोकल्याचं गुलाबी औषध भरायचा आणि पाठीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. त्या पट्टीवर एक अक्षरही नसायचं, त्यामुळे खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता. लेकरं तोंड वाकडं करून औषध प्यायची आणि चार दिवसांत अंगणात हुंदडायची. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

पुढे दवाखाना बंद पडला. मी भंगारात गेले आणि तिथून उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये टेकचंदच्या बराकीत आले. फाळणीच्या वेळी टेकचंद सिंधमधून बायकोला घेऊन आला होता. तिकडे त्याचं अत्तराचं दुकान होतं. इकडे लष्कराच्या जुन्या बराकीत गोणपाटाचा पडदा लावून एका बाजूला चूल आणि दुसऱ्या बाजूला धंदा. तिळाच्या तेलात माका, जटामांसी आणि लवंग घालून तो केसांचं तेल कढवायचा. तेल चांगलं होतं, ते मी कुठेही सांगेन. पण बाजारात दर दहा पावलांवर कुणीतरी केसांचं तेल विकत होतं. एक दिवस एका तरुणाने लाजत लाजत विचारलं, "शेठ, ह्याने मिशी फुटते का?" टेकचंद म्हणाला, "लगाके देखो साईं, केस तो केस आहे."

असं विचारणारे तरुण मग वाढत गेले. टेकचंदने मापासाठी मला सोबत नेऊन कल्याणच्या एका छापखान्यात कागद छापायला टाकला. वर पिळदार मिशांच्या माणसाचं चित्र, खाली मराठीत सूचना. सकाळी अंघोळीआधी बोटांनी चोळावे, ऊब येईपर्यंत चोळावे, डोळ्यांत जाऊ देऊ नये, असलं सगळं. छापखानेवाला धंद्यात मुरलेला होता. तो म्हणाला, "शेठ, मिशी नाही आली तर गिऱ्हाईक तुमच्या उरावर बसेल. मी एक ओळ घालतो, म्हणजे चूक त्याच्याच गळ्यात." आणि त्याने सातवी ओळ घातली: 'ओठावर वस्तरा लावू नये. एकदाही लावल्यास केस कायमचे जातील.' टेकचंदने ओळ काय आहे ते न विचारताच मान डोलावली आणि गठ्ठा घेऊन आला. त्याच्या बायकोने खळ लावून तो कागद माझ्या छातीवर दाबून बसवला.

त्रेपन्न सालच्या जूनमध्ये मला गुरुदत्तने विकत घेतलं.

गुरुदत्त बदलापूरच्या कमळाकर मास्तरांचा एकुलता एक मुलगा. वय एकवीस, अंबरनाथच्या एका कारखान्यात नवा सुपरवायझर. कामात हुशार, पण गाल आणि ओठ अगदी तुळतुळीत! त्याच्या हाताखालच्या माणसांना त्याच्याहून मोठाली मुलं होती. सखा नावाचा मिस्त्री त्याला तोंडावर म्हणायचा, "बाळू, जा रे, सायबाला बोलाव. मोठ्या माणसाचं काम आहे." सगळे खो खो हसायचे. वरच्या साहेबानेही बजावलं होतं, "माणसं तुला जुमानत नसतील तर मार्चनंतर तुला परत कारकुनीत बसवावं लागेल." त्यामुळे मिशी ही त्या पोराची हौस नव्हती, पोटापाण्याचा सवाल होता.

माझ्याआधी त्याने काय काय केलं होतं म्हणून सांगू! कांद्याची फोड चोळली, तर दिवसभर लोक लांब उभे राहिले. एरंडेल लावलं, तर उशी खराब झाली. विलायती पोमेडची डबी आणली, ते केसांचं मलम मेणासारखं ओठावर थिजून बसलं. शेवटी तो त्यांच्या घरच्या न्हाव्याला, जनूला, विचारायला गेला. जनू हसून म्हणाला, "दादा, रोज वस्तरा फिरवू या. जेवढं काढाल तेवढं जोमानं येतं. आन् न्हाय आलं तरी घाई काय? तुमच्या बापाला पंचविसाव्या वर्षी आली." गुरुदत्तला वाटलं, हा त्याच्या धंद्याचंच बोलणार. तो तडक कॅम्पात आला आणि मला घेऊन गेला.

घरी मास्तरांनी मला हातात घेतलं. चष्मा लावून सातही ओळी वाचल्या. मास्तरांना छापील शब्दाचा फार आदर. औषधाच्या पुडीवरचा कागदसुद्धा ते पूर्ण वाचल्याशिवाय टाकत नसत. मुलाची थट्टा करतील असं मला वाटलं होतं, पण ते गंभीरपणे म्हणाले, "घेतलंच आहेस तर नीट पाळ. अर्धवट काही करायचं नाही. वस्तरा नाही म्हटलंय ना? मग नाही म्हणजे नाही."

"हो बाबा," गुरुदत्त म्हणाला.

मित्रांनो, दिवाळीत खरोखर लव फुटली आणि संक्रांतीपर्यंत चांगली काळीभोर मिशी आली! मी केलं नव्हतं काही. त्याचं वयच झालं होतं. माझ्या तेलाने फार तर कातडी मऊ झाली असेल. पण श्रेय मला मिळालं आणि मी ते गुपचूप घेतलं. गुरुदत्त मला कोटाच्या खिशात घालून कारखान्यात न्यायचा, दुपारच्या सुट्टीतही दोन थेंब चोळायचा. सखा मिस्त्री आता "साहेब" म्हणू लागला. संध्याकाळी मास्तर अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि मुलगा फाटकातून आत येताना त्याच्या तोंडाकडे बघून मिशीतल्या मिशीत हसायचे. मला वाटलं, चला, आपल्या हातून एकाचं भलं झालं.

माघात एके दिवशी दुपारी कारखान्यात निरोप आला. मास्तर शाळेत शिकवता शिकवता खुर्चीतच गेले होते.

गुरुदत्त तसाच धावला. मी त्याच्या खिशातच होते, म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं. ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. नदीकाठी तयारी झाली होती. त्यांच्या घरची रीत अशी की बाप गेला की मुलाने आधी क्षौर करायचं, मिशी उतरवायची आणि मगच अग्नी द्यायचा. बाप जिवंत असेपर्यंत मिशीला हात नाही आणि गेल्यावर ती ठेवायची नाही. जनू दगडावर वस्तरा लावत बसला होता. मास्तरांची दाढी त्याने तीस वर्षं केली होती, त्यामुळे तोही रडत होता.

"या दादा, बसा," तो म्हणाला.

गुरुदत्त खाली बसला. डोकं भिजवून झालं, केस उतरले. वस्तरा ओठाशी आला आणि गुरुदत्तने जनूचा हात धरला.

"मिशी राहू दे."

"दादा, असं कसं राहील?"

"कायमची जाईल रे. परत येणार नाही."

"अहो, केस हायेत ते! पंधरा दिसांत येतील. मी हजारदा काढल्यात लोकांच्या."

"तसं छापलंय," गुरुदत्त म्हणाला. "बाबांनीच सांगितलं होतं, नाही म्हणजे नाही. बाबांनीच वाचलं होतं."

काका पुढे आले. "गुरू, वेड लागलंय का तुला? बापापेक्षा मिशी मोठी?" गुरुदत्तने जनूचा हात सोडला नाही. मार्च तोंडावर होता. मिशी गेली की साहेब गेला, बाळू परत आला, हे त्याच्या डोक्यात घणासारखं वाजत असणार. मी खिशात ओरडत होते, अरे, खोटं आहे ते! ती ओळ टेकचंदने लिहिली नाही, कुठल्या वैद्याने लिहिली नाही. एका छापखानेवाल्याने भांडण टाळायला लिहिली. जनूचं ऐक! पण बाटलीला कंठ असला तरी वाचा कुठली? माझ्या अंगावर होती ती अक्षरंच काय ती माझी वाचा, आणि ती माझ्याविरुद्ध बोलत होती.

शेवटी काकांचा मुलगा श्यामकांत पुढे झाला. त्याचे वडील समोर जिवंत उभे असताना त्याने आपली मिशी उतरवून घेतली. काकांनी तोंड फिरवलं. श्यामकांतने मडकं खांद्यावर घेतलं, प्रदक्षिणा घातली आणि मास्तरांना अग्नी दिला. सख्खा मुलगा बाजूला उभा होता, टकलू आणि मिशीवाला. लोक मास्तरांकडे बघायच्या ऐवजी त्याच्याकडे बघत होते.

मार्च आला आणि गेला. गुरुदत्तची जागा पक्की झाली. पण घरी आई त्याच्या तोंडाकडे बघेना. ताट वाढायची, पाणी ठेवायची, विचारलं तर उत्तर द्यायची, आणि नजर कायम त्याच्या सदऱ्याच्या गुंडीवर. एकदाही रागावली नाही ती. रागावली असती तर त्याला पायाशी पडायला तरी मिळालं असतं. त्याने तेल चोळायचं बंद केलं आणि मला आरशाशेजारच्या फळीवर ठेवून दिलं.

वर्षश्राद्धाच्या सकाळी त्याने जनूला घरी बोलावलं. "काढ," तो म्हणाला. "गेली तर गेली. नोकरी जायची असेल तर तीही जाऊ दे. बाबांना द्यायचं राहिलंय ते देऊन टाकतो." जनूने मिशी उतरवली. गुरुदत्तने ते केस तळहातावर घेतले आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. आता हे तोंड आयुष्यभर असंच राहणार, अशी त्याची खात्री होती. त्यातच त्याला थोडं हलकं वाटत होतं.

आणि तीन आठवड्यांत मिशी परत आली. पहिल्यापेक्षा दाट!

त्या दिवशी आईने वर्षभरात पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "आली की रे परत." एवढंच बोलून ती आत गेली. ओळ खोटी निघाली, म्हणजे त्याने गमावलं काहीच नव्हतं; सगळं पणाला लावून केलेलं प्रायश्चित्तसुद्धा मी त्याच्याजवळ राहू दिलं नाही.

गुरुदत्तने मला उचललं आणि तडक कॅम्प नंबर तीन गाठला. माझा कागद त्याने टेकचंदच्या नाकासमोर धरला. "हे कुणी लिहिलं? वाचा! मोठ्याने वाचा!"

टेकचंद गोंधळून उभा राहिला. "साईं, मला ही लिपी येत नाही. आमची वेगळी. छापखान्याने दिलं, मी चिकटवलं. काय लिहिलंय?"

मग गुरुदत्तलाच ती ओळ वाचून दाखवावी लागली. नदीकाठी काय घडलं तेही त्याने सांगितलं. बोलता बोलता त्याचा राग संपला आणि नुसतं रडू उरलं. टेकचंदने डोक्यावरची टोपी काढली आणि तो पोत्यावर बसला. म्हणाला, "साईं, माझा बाप तिकडेच राहिला. कधी गेला, कुणी अग्नी दिला, मला माहीत नाही. मी देऊ शकलो नाही. आणि तू समोर उभा होतास, तरी मी तुला देऊ दिला नाही." त्याने बायकोला हाक मारली. दोघांनी मिळून उरलेल्या सगळ्या बाटल्या घमेल्यात बुडवल्या आणि नखांनी कागद खरवडून काढले. माझाही काढायला त्याने हात पुढे केला, पण गुरुदत्त म्हणाला, "हिचा राहू दे."

म्हणून मी अजून हा कागद अंगावर घेऊन त्याच आरशाशेजारी उभी आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाला उद्या दाढी हवी असेल, कुणाला मिशी, कुणाला गोरा रंग. तेल लावा, उटणं लावा, मी नको म्हणत नाही. बाटलीवरचं वाचा, पण वाचून झाल्यावर ज्याचे हात रोज त्या कामात असतात त्यालाही विचारा, आणि त्याच्या कपड्यांवरून त्याचं उत्तर हलकं धरू नका. आम्ही बाटल्या कुणीही काहीही चिकटवलं तरी गप्प राहतो. तेवढी दया आमच्यावर करा, आमच्या तोंडी खोटं घालू नका.

गुरुदत्त आता कारखान्यात मोठा साहेब झाला आहे, पण त्याला मिशी नाही. रोज सकाळी तो माझ्यासमोर उभा राहतो, ती सातवी ओळ एकदा वाचतो आणि ओठावर वस्तरा फिरवतो. दुसऱ्या दिवशी मिशी परत डोकावत असते.