आग्याचं तोंड

मी एक जुना मुखवटा आहे, वेल्डिंगचा. मित्रांनो, तुम्ही मला मोबाईलवर पाहिलं असेल. काळी काच, कपाळावर लाल रंगानं काढलेली मधमाशी. लोक मला आग्या म्हणतात.

सास्तूरच्या धुळाप्पानं मला त्याच्या वेल्डिंगच्या दुकानासाठी विकत आणलं. शिवानंद तिथला कारागीर. हात सोन्यासारखा, पण गिऱ्हाईक अंगावर खेकसलं तरी हा मान खाली घालून उभा. ठिणग्यांपासून त्याचा चेहरा वाचवणं हे माझं काम, आणि ते मी इमानानं केलं.

एका दुपारी गंमत म्हणून त्यानं मला घालूनच रॅप म्हटलं. माझ्या काचेतून वेल्डिंगच्या उजेडाशिवाय काही दिसत नाही. समोरची माणसं दिसेनाशी झाली आणि शिवानंदचं तोंड सुटलं. खड्ड्यांचे रस्ते, पुढाऱ्यांच्या थापा, हुंडा, कुणालाच त्यानं सोडलं नाही. धुळाप्पाचा चहा हातातच गार झाला.

"आरं, ह्यो कोण म्हनायचा?"

"आग्या," शिवानंद आतून म्हणाला.

मग गॅदरिंग झाली, जत्रा झाल्या, धाराशिवला मोठा कार्यक्रम झाला. हुंड्याच्या गाण्यावर तर पोरं खुर्च्यांवर चढायची. मी डोक्यावरून उतरलो की मात्र शिवानंद पुन्हा पहिल्यासारखा, चहासुद्धा दबकत मागणारा. शूरपणा सगळा माझ्याकडे ठेवून तो घरी जायचा. मला त्याचं कौतुक वाटायचं आणि रागही यायचा.

त्याची धाकटी बहीण शिवप्रिया तामलवाडीला दिली होती. माहेरहून मोटारसायकल आण म्हणून सासरचे तिला मारत. "मला न्यायला ये," असा तिचा फोन आला. शिवानंद गेला. संध्याकाळी तुळजापुरात कार्यक्रम होता, म्हणून मी पिशवीत, गाडीच्या हँडलला. ओसरीवरचं सगळं मला ऐकू येत होतं.

"मामा, लेकरू हाय. चुकलं तर सांभाळून घ्या," शिवानंद तिच्या सासऱ्याला म्हणाला. एवढंच. मग पोहे झाले, चहा झाला.

शिवप्रिया गाडीपर्यंत सोडायला आली. तिनं पिशवीवर हात ठेवला.

"अण्णा, ह्याला आत न्यायचं व्हतं की."

"गप. पाव्हण्यात तमाशा न्हाय करायचा," म्हणत त्यानं गाडीला किक मारली. त्या संध्याकाळी हुंड्याचं गाणं दोनदा म्हणावं लागलं, इतक्या टाळ्या पडल्या.

त्याच आठवड्यात शिवप्रिया शेततळ्यात सापडली. पाय घसरला, असं सासरच्यांनी सांगितलं.

शिवानंद खूप रडला. मग त्यानं तिच्यावर गाणं केलं. तसं गाणं त्याला पूर्वी कधी जमलं नव्हतं. सासरच्यांची नावं घेऊन त्यानं त्यांना फाडून काढलं. ते गाणं लाखो लोकांनी पाहिलं आणि पुण्याहून बोलावणी येऊ लागली. एकदा त्यानं ते आईला, नीलम्माला, मोबाईलवर दाखवलं. तिनं शेवटपर्यंत पाहिलं. मग खुंटीवरच्या माझ्याकडे बोट केलं.

"हे तोंड तवा कुठं व्हतं रं?"

गाडी दारात उभी होती. शिवानंदनं मला पिशवीत घातलं आणि तो कार्यक्रमाला निघाला.

मित्रांनो, आपली कहाणी सांगून झाली की माझ्यासारख्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला खुशाल भंगारात घाला. पण तुमची बहीण सासरच्या दारात गाडीपर्यंत सोडायला आली, तर तिच्या तोंडाकडे नीट बघा. आणि तिला मागं बसवून घरी आणा.