पाणमांजराची मान

दामिनीने बापाला दोन्ही हातांनी ढकललं तसा केवळराम गुडघाभर चिखलात पाठीवर पडला. त्याच्या हातातली काठी उडून तलावात गेली. चार हातांवर, उथळ पाण्यात, जाळ्यात अडकलेलं पाणमांजर जिवाच्या आकांताने धडपडत होतं. त्याच्या किंकाळ्यांनी काठावरचे बगळे उडाले.

"मारू नोको बाबा! हात लावून त पाह्य!"

"येडी झाली का तू? थे काठी दे पयले."

"काठी भेटत नाही."

पाच महिने ती ग्रीसमधल्या एका खाडीवर डॉल्फिनच्या प्रकल्पात स्वयंसेवक होती. नागझिऱ्यात गाइड म्हणून केलेल्या कामावर तिची निवड झाली होती. परतून आज चौथा दिवस, आणि डॉल्फिन म्हणजे काय हे गावाला समजावता समजावता तिच्या नाकी नऊ आले होते. "इतल्या दूर मासोळ्या पाहाले गेली? आपल्या तलावात का कमी होत्या?" असं बिसराम काकाने चारचौघांत विचारलं, तेव्हा सगळे पोट धरून हसले. तीही हसली होती.

एक गोष्ट मात्र तिने कुणाला सांगितली नव्हती. तिथे एका सकाळी डॉल्फिनचं पिल्लू काठाला लागलं होतं. जाळं फाडलं म्हणून कुणा कोळ्याने त्याचं तोंड ठेचून काढलं होतं. त्याची मोजमापं लिहून घेताना तिला सारखं आपलंच गाव आठवत होतं. ती आठ वर्षांची असताना बिसराम काकाने एक पाणमांजर मारून बाभळीला उलटं टांगलं होतं, आणि पोरांनी त्याला दगड मारले होते. एक दगड तिचाही होता. बाप तिथेच बिडी ओढत उभा होता. तो हसला नाही, पण कुणाला थांबवलंही नाही.

म्हणून आज सकाळी त्याची शिदोरी घेऊन ती तलावाच्या पाळीवर, बांधावर, आली, तो काठी घेऊन जाळ्याकडे चाललेला दिसला, आणि तिने काही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात?

केवळराम उठला. तो बोलून समजावणाऱ्यांतला नव्हताच. "बाजूले हो," एवढंच म्हणत तो पाण्यात काठी शोधू लागला. तेवढ्यात दामिनी जाळ्यापाशी पोचली होती. ग्रीसमध्ये शिकवलं होतं तसं तिने ओढणी भिजवून जनावराच्या अंगावर टाकली, एक हात त्यावर ठेवला आणि हळू आवाजात बोलत राहिली. दुसऱ्या हाताने तिने कमरेला खोचलेल्या शिदोरीच्या फडक्यातला कांदा कापायचा चाकू काढला. आधी डोक्याकडचं जाळं, म्हणजे श्वास मोकळा होतो. डॉल्फिनचं असंच करतात.

"तोंडाकडून नोको!" मागून बाप ओरडला.

तिसरा फास तुटला आणि पाणमांजराने मान वळवली. त्याचे दात तिच्या मनगटावर येणार, तोच केवळरामने आपला हात मध्ये घातला.

अंगठ्याच्या मुळाशी दात रुतले. तो ओरडला नाही, नुसता गुडघ्यांवर बसला. जनावर मान झटकत होतं आणि प्रत्येक झटक्याला हात फाटत होता. हाड करकरलेलं दामिनीला स्पष्ट ऐकू आलं. तिने चाकू टाकला, जबडा उघडू पाहिला, उघडेना. काठी शेजारीच तरंगत होती.

पहिला फटका पाठीत बसला. दुसरा आणि तिसरा डोक्यात. चौथ्याला जबडा सुटला, बापाचा हात बाहेर आला, तरी तिचे हात थांबेनात. पाणी लाल झालं, ओढणी त्यात गुरफटली, आणि ती मारत राहिली. तोंडातून शिव्या येत होत्या; कुणाला, ते तिलाच ठाऊक नव्हतं.

"बस कर," केवळराम म्हणाला. "मेली थे."

तिने ओढणी पिळून त्याच्या हाताला आवळून बांधली. अंगठा कातड्यावर लोंबत होता. तो मेलेल्या जनावराकडे पाहत होता.

"यंदा तीन सोडल्या होत्या म्या."

"का?"

"बेळक्यानं मान दाबाची. मंग शेपटीकडून जाळं कापाचं, तोंड सगळ्यात शेवटी. मंग थे मांगच्या मांग पाण्यात जाते. चावत नाही."

दामिनीने हातातल्या काठीकडे तेव्हा कुठे पाहिलं. टोकाच्या दोन फाट्यांच्या बेळक्याला आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होती. जाळ्याच्याच दोऱ्याने ती बारीक टाके घालून शिवली होती. चिंधी रक्ताने थबथबली होती.

"कवापासून करून राहिला हे?"

"तू धाडला होता ना व्हिडिओ, थे मोठी मासोळी सोडतानाचा. तुह्या मायनं चारदा पाह्यला." त्याने पाळीकडे नजर टाकली. "बिसरामले सांगू नोको. थे जाळे फाडते, अन् मी सोडतो म्हणून माहावरच धावन थो."

तिला रडू फुटलं. लाज वाटली, भयंकर लाज. बापाने चांगला हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"देवरीले जाऊ, दवाखान्यात. चाल, ऊठ," ती डोळे पुसत म्हणाली.

"जाऊ. देवरीची बस याले वेळ आहे." तो पाण्याकडे पाहत होता. "सांजले हिचा नर येइन हिले पाहाले. जोडी होती. याच जागी येते थे."

"आपलं जाळं काढून टाकू मंग."

"आपलं काढू. बाजूचं बिसरामचं आहे, थे कोन काढन? अटकन त्यात." ओढणीत बांधलेला हात त्याने जरासा उचलला. "माहा हात त गेला."

दामिनीने खाली बसून काठीचं टोक स्वच्छ पाण्यात धरलं आणि चिंधी चोळायला लागली. रक्त लवकर निघत नव्हतं. तिने ती पिळली, पुन्हा भिजवली, पुन्हा पिळली.

"कुठं ठेवाची?" तिने मान वर न करता विचारलं.

केवळराम तिच्यापुढे वाकला आणि चांगल्या हाताची दोन बोटं आपल्याच मानेवर, कानामागे ठेवली.

"इथं," तो म्हणाला. "जोर नाही द्याचा."